दादांचा आवाज बांधताना

पोशीर,
१८ ऑगस्ट २०२४

चि. संतोष,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही आहोत तसे आहोत, तू बरा असशील असं धरून चालते. लावणी एकदाची आटोपली. यंदा माणसं मिळाली नाहीत, आवडीकाकूंच्या सुना आल्या म्हणून निभावलं. ओढ्याकडचं खाचर तसंच पडून आहे.

तुझा सिल्वासाचा पत्ता योगेंद्रने दिला. आपल्या चुलतभावावर रागावू नकोस, मीच त्याच्या मागे लागले होते. माझा नंबर तू ब्लॉक करून ठेवलायस, म्हणून पत्र. कॉलेजात मुलांना टायपिंग शिकवून शिकवून माझं अक्षर पार गेलंय, तेव्हा सांभाळून वाच.

आधी कामाचं. मी घरात एक सर्व्हर उभा करतेय, लिनक्सवरचा, चोवीस तास चालू राहील असा, मधल्या खोलीत कपाटाशेजारी. हसू नकोस. या कामात माझं डोकं तुझ्याइतकं चालत नाही हे मला ठाऊक आहे. नेरळच्या दुकानातले टाकाऊ भाग आणून आपला पहिला कॉम्प्युटर तू जोडलास तेव्हा मी नुसती बॅटरी धरून उभी होते. आज मी कॉम्प्युटर शिकवते, पण पुस्तकातला. स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायची वेळ आली की तू आठवतोस.

कल्याणहून एका ऑफिसातून निघालेलं जुनं मशीन आणलंय. नवीन घ्यावं की जुनं यावर खूप विचार केला. जुन्याचं कॅबिनेट मोठं आहे, त्यात ग्राफिक्स कार्ड बसतं, म्हणून ते घेतलं. पण त्याचा पॉवर सप्लाय मला कमजोर वाटतो. तो बदलू का? डिस्क एक मोठी घ्यावी की दोन लहान, ज्यात एकच गोष्ट दोन्हीकडे लिहिली जाते? मी दोन घेतल्या. एक गेली तर दुसरी राहील. एकावर विसंबायची हिंमत आता माझ्यात उरलेली नाही. लिनक्समध्ये मी डेबियन टाकलंय, खिडक्याबिडक्या काही नसलेलं, काळ्या पडद्याचं. डिस्कला कुलूप घालायचं का असं ते विचारत होतं. घातलं नाही. इथली लाईट तुला माहीत आहे. मी कॉलेजात असताना मशीन बंद पडून परत सुरू झालं आणि पासवर्ड मागत बसलं तर दादा काय करणार? रॅम मात्र कमी पडतेय. जितकी टाकावी असं वाचलं त्याच्या निम्मीच आहे.

एवढं सगळं कशासाठी, असं तुझ्या मनात आलंच असेल.

दादांचं बोलणं जड झालंय. शिमग्याच्या सुमारास सुरुवात झाली. आधी वाटलं दाढ दुखत असेल. मग एके दिवशी कर्जतच्या स्टँडवर जीप भरत असताना ते ‘कशेळे, कशेळे’ ओरडत होते, आणि पुढच्या सीटवर बसलेली बाई लेकराला घेऊन खाली उतरली. दुसऱ्या ड्रायव्हरला म्हणाली, या गाडीत नको, हा पिऊन आलाय. आपले वडील, ज्यांनी लग्नाच्या वरातीतही कधी थेंब घेतला नाही. त्यांनी उरलेल्या माणसांना हाताने खूण करून उतरवलं, रिकामी जीप घेऊन घरी आले आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. ती अजून काढलेली नाही.

डॉक्टर म्हणतात घशाचं आहे, वेळ लागेल. तू काळजी करू नकोस.

तर त्यासाठी हे मशीन. माणसाच्या आवाजाचे नमुने दिले की आपण टाईप केलेलं त्याच्याच आवाजात बोलून दाखवणारे प्रोग्रॅम निघालेत. कंपन्यांचे आहेत, पण त्यांना सतत नेट लागतं आणि इथे पाऊस लागला की टॉवर झोपतो. शिवाय दादांना विचारलं तर म्हणाले, माझा आवाज कुनाच्या कपाटात नको. तेव्हा अजून त्यांना एवढं बोलता येत होतं.

मी त्यांना माईकसमोर बसवलं, शाळेचं पुस्तक वाचायला दिलं. ताठ बसून, एकेक अक्षर सुटं करत त्यांनी वाचलं. गुरुजी छडी घेऊन उभे असल्यासारखं. त्यात दादा नव्हतेच. आणि जीभही तेव्हा जडावली होतीच.

म्हणून तुझ्याकडे मागणं आहे. जीपची सीटं भरेपर्यंत दादा फोन तोंडाशी धरून तुला निरोप रेकॉर्ड करून पाठवायचे, हे मला माहीत आहे. टाईप करायचा त्यांना कंटाळा. तू ऐकलेस की नाही हे मी विचारत नाही. त्यांचा जुना फोन गेल्या पावसाळ्यात भिजला आणि त्यातलं सगळं गेलं. माझ्याकडे त्यांचा आवाज असा नाहीच, रोज समोर असलेल्या माणसाचा कोण साठवून ठेवतं? तुझ्याकडे असतील तर पाठव. चांगले, वाईट, जसे असतील तसे.

बाकीच्या गोष्टींबद्दल मी काही लिहीत नाही. सर्व्हरचं मात्र नक्की कळव.

तुझी,
छायाताई


पोशीर,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. संतोष,

आशीर्वाद. तुझं पाकीट गणपतीनंतर मिळालं. पेन ड्राईव्ह निघाला, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या रॅमच्या दोन काड्या. चिठ्ठी असेल म्हणून मी वर्तमानपत्रही उलगडून पाहिलं. असो. दोन्ही काड्या बसल्या, मशीनने त्या लगेच ओळखल्या.

निरोप सगळे ऐकले. तू एकही पुसलेला नाहीस हे मी दादांना सांगितलेलं नाही. सांगू का, ते तू कळव.

त्यांत काय आहे हे तुला ठाऊकच असेल. कुणाच्या वाडीत आंबा मोहरला, कुणाची म्हैस व्याली, कशेळ्याच्या बाजारात वालाच्या शेंगा आल्या. कोण गेलं. स्टँडवर नवीन पोरं कशी सीटं पळवतात. आणि शेवटी दरवेळी तेच, बरं ठेवतो, जेव येळेवर. मधल्या खोलीत मशीनसमोर बसून ऐकत होते, आणि पलीकडच्या खाटेवर दादा झोपले होते. हेडफोन लावून ऐकलं.

प्रोग्रॅमला स्वच्छ आवाज लागतो. जीपचं इंजिन चालू असलेले निरोप बाजूला काढावे लागले. नेमके तेच सगळ्यात चांगले होते, त्यांतच दादा मोकळे बोलतात. उरले ते घरातले, ओट्यावरचे. काम भागलं.

मग बांधकाम. हा प्रोग्रॅम तयार मिळत नाही, त्याचा कोड उतरवून आपल्या मशीनवर बांधून घ्यावा लागतो. बांधायच्या आधी एक निळा पडदा येतो आणि एकेका ओळीपुढे रिकामा चौकोन असतो. फुली मारली की ती गोष्ट आत, नाही तर बाहेर. ग्राफिक्स कार्ड वापरू का? मराठी घेऊ का, हिंदी घेऊ का? आकडे अक्षरी वाचू का? टाईप केलेल्या चुका बोलण्याआधी सुधारू का? एकेका ओळीपाशी थांबून, अर्थ शोधून मी फुल्या मारत गेले. तू असतास तर एवढा वेळ लागला नसता. दादांचं बोट अडखळतं, एक अक्षर दाबायला जातात तर शेजारचं दाबलं जातं, म्हणून चुका सुधारण्याचं आत घेतलं.

बोट अडखळतं, हे मी आत्ता लिहून गेले.

घशाचं नाही, संतोष. मागच्या पत्राच्या वेळीही मला माहीत होतं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात उन्हाळ्यातच तपासण्या झाल्या. मोटर न्यूरॉनचा आजार म्हणतात. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरतात. कुणाचे पाय आधी जातात, दादांची जीभ आधी गेली, मग गिळणं, आता हात. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं. यावर औषध नाही. बरं होतं असं औषध नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि पाणी प्यायला बाहेर गेले.

नवरात्रापासून दादांचा एक शब्द कळत नाही. घशातून नुसता आवाज येतो. मला कळायचा, आता मलाही कळत नाही. तुला हे आधी लिहिलं असतं तर तू आला असतास की आणखी लांब गेला असतास, ते मला ठरवता आलं नाही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मशीन तयार झालं. टॅबलेट त्यांच्या हातात दिला. मनगटाखाली टॉवेलची गुंडाळी दिली, आणि त्यांनी एका बोटाने लिहिलं, ‘चा दे’. स्पीकरमधून दादांचा आवाज आला, ‘चहा दे.’ तोच आवाज, स्टँडवरचा. दादांनी मान वळवून दाराकडे पाहिलं, कोण आलं म्हणून. आवडीकाकू फराळाचं ताट घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उंबऱ्यात बसल्या आणि पदर तोंडाला लावला. मी चहा केला. तो आता घट्ट करून चमच्याने द्यावा लागतो. त्या दिवशी जवळजवळ अख्खा कप गेला.

त्या निरोपांत अपघाताच्या केसबद्दल एक अवाक्षर नाही. एवढी वर्षं दादा तुझ्याशी बोलत राहिले आणि त्या दिवसाला त्यांनी हात लावला नाही. मीही लावला नाही. पण तू तेव्हा योगेंद्रच्या घरी होतास, आपल्या घरात काय झालं हे तुला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते.

दादांना ताप होता म्हणून तू जीप काढलीस. कशेळ्याच्या अलीकडच्या वळणावर वाडीवरच्या सोमीबाई आडव्या आल्या. हॉस्पिटलात नेता नेता त्या गेल्या, तेव्हा काका आणि गावातली दोन जाणती माणसं आपल्याकडे येऊन बसली. त्यांचं म्हणणं साधं होतं. दादांकडे लायसन आहे, बॅज आहे, वय झालंय. पोराकडे बॅज नाही, त्याचं लग्न ठरलंय. दादांनी सांगायचं की गाडी मी चालवत होतो. मीही तेच म्हटलं. दादा भिंतीला टेकून सगळं ऐकत होते. मग उठले, खुंटीवरचा शर्ट घातला आणि म्हणाले, “बाई मेली हाय. तिच्या घरच्यांना कोन होता ते कळाया नको?” आणि चालत पोलीस ठाण्यात गेले, तापात.

त्यानंतरचं तू भोगलंस. तू आत गेलास, प्रियाच्या घरच्यांनी सोयरीक मोडली, सुटून आलास आणि दारातून कपडे घेऊन गेलास. मी कुणाची बाजू घेत नाही. त्या वेळी मी तुझ्या बाजूने होते. आता कुणाच्या बाजूने आहे ते मला सांगता येत नाही.

कुरिअरवाल्याने पाकिटावर तुझा नवीन नंबर लिहून घेतलाय. मी तो अजून लावलेला नाही. दादांना तुला काही सांगायचंय. काय, ते मला माहीत नाही, त्यांनी फक्त तुझं नाव लिहून दाखवलं. हे पत्र तुला पोचेल त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी फोन करीन.

घे, संतोष. एवढा एक घे.

तुझी,
छायाताई


पोशीर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. संतोष,

आशीर्वाद. हे पत्र फाडायच्या आधी एकदा शेवटपर्यंत वाच.

त्या रविवारी तू फोन घेतलास. ‘बोल’ एवढंच म्हणालास. तुझ्या बाजूला काय झालं ते तुला माहीत. आमच्या बाजूला काय झालं ते तुला माहीत नाही.

दादा सकाळपासून टॅबलेट घेऊन बसले होते. मी जवळ गेले की पडदा छातीशी धरायचे, शेवटी त्यांनी मला डोळ्यांनीच स्वयंपाकघराकडे पिटाळलं. एक अक्षर, मग हात खाली, मग दम, मग दुसरं अक्षर. जेवायला उठवायला गेले तर मान हलवली. दुपार कलली तेव्हा त्यांनी खाटेच्या दांडीवर चमचा वाजवला. मी नंबर लावला, फोनचा स्पीकर चालू केला आणि फोन मशीनच्या स्पीकरसमोर ठेवला. त्यांनी बटण दाबलं.

तू ऐकलंस ते असं होतं. “संतोष, मी तेव्हा खरं बोललो. परत वेळ आली तरी तेच बोलेन. पण तू माझा आहेस. मला राग नाही. घरी ये.”

मलाही ते तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

मला वाटलं तू रडशील. मग तू म्हणालास, “ताई, हे तू लिवलंस. दादांच्या आवाजात माझ्याशी परत बोलू नको.” आणि फोन ठेवलास.

दादांनी ते ऐकलं. मी लगेच पुन्हा नंबर लावला. लागला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

मी कपाळाला हात लावून बसले होते. दादांनी पुन्हा टॅबलेट ओढला. काहीतरी दाबलं, आणि मशीन म्हणालं, ‘आहे.’ मी वर पाहिलं. त्यांनी पुन्हा दाबलं. ‘आहे.’ ते माझ्याकडे बघत होते आणि बोट आपटत होते. ‘आहे. आहे. आहे.’ मला वाटलं बटण अडकलं. उठून त्यांच्या मागे जाऊन पडदा पाहिला. त्यावर ओळीने लिहिलं होतं, हाय, हाय, हाय.

वर त्यांचा तुला लिहिलेला मजकूर तसाच होता. ‘परत येळ आली तरी तेच बोलन. पन तू माजा हायस. मला राग नाय. घरी ये.’

निळ्या पडद्यावर मी ज्या चौकोनात फुली मारली होती त्याने चुका सुधारल्या. बोट घसरल्याच्या चुका सुधारल्या, आणि दादांचं बोलणंही त्याला चूकच वाटलं. ‘चा’चा ‘चहा’ झाला तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला तर तेव्हा बरं वाटलं होतं, मशीन किती हुशार म्हणून. मी स्वतः लिहिताना आहे-नाही लिहिते, बोलताना हाय-नाय बोलते, माझ्या कानाला ते खुपलंच नाही. तुझ्या कानाला खुपलं. तुझ्यावर राग यावा असं फार वाटतं रे, पण तू बरोबर ओळखलंस. दादा जन्मात कधी ‘आहेस’ म्हणाले नाहीत. असं बोलणारं आपल्या घरात कुणी असेल तर ती मीच.

मी सगळं काढलं आणि पहिल्यापासून बांधायला घेतलं. या वेळी काही केल्या जमेना. कुठलातरी भाग मध्ये नवीन झाला होता, तो जुन्याशी जुळत नव्हता, अर्ध्यात येऊन बांधकाम मोडायचं. रोज कॉलेजातून आले की बसायची. माझ्या हाताखालच्या रुचिता मॅडम शनिवारी येऊन बसल्या, त्यांनाही जमलं नाही. शेवटी नाताळच्या सुट्टीत ते उभं राहिलं. मी आधी स्वतः लिहून पाहिलं, ‘हाय’. मशीन म्हणालं, ‘हाय’. अगदी तसंच, शेवटी थोडं ओढून, ते बोलायचे तसं.

टॅबलेट घेऊन मी खाटेपाशी गेले. दादांना सांगितलं, झालं, आता तुम्ही लिहाल तेच बोलेल. त्यांनी हात उचलला. मनगट वर आलं. बोट आलं नाही. दुसऱ्या हाताने करून पाहिलं. तोही नाही. मी त्यांचं बोट माझ्या बोटात धरून अक्षरावर नेलं, तर त्यांनी हात सोडवून घेण्याचा प्रयत्न केला. ते बरोबरच होतं. तसं लिहिलं असतं तर तुझंच म्हणणं खरं झालं असतं.

त्यानंतर दादांनी काही लिहिलेलं नाही. डोळ्यांवर चालणारा कॅमेरा मिळतो, त्याच्याबद्दल मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. आता आमचं बोलणं एवढंच आहे. डोळे वर केले की हो, मिटले की नाही.

संक्रांतीच्या सुमारास त्यांना पुन्हा मुंबईला नेलं, कारण पाणीही फुफ्फुसात जायला लागलं होतं. तिथले डॉक्टर चांगले होते, खुर्ची ओढून दादांच्या समोर बसले आणि माझ्याशी न बोलता त्यांच्याशी बोलले. पोटात नळी घालता येईल, त्यातून अन्न जाईल, काही महिने जास्त मिळतील. घातली नाही तर फार दिवस नाहीत. घालू का? दादांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी सांगितलं, आज उत्तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी त्यांनी उलटं करून विचारलं, नळी नको, असंच ना? दादांनी डोळे वर केले. मी त्यांचे पाय धरले, संतू. वॉर्डात, सगळ्यांसमोर. माझ्यासाठी घालून घ्या, असं मी म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग हळूच डोळे मिटले.

घरी आणलं. घरी आल्यावर त्यांची नजर सारखी मशीनकडे जायची. मी विचारत गेले. दिवा डोळ्यांवर येतो का? नाही. पंख्याचा आवाज होतो? नाही. बंद करू? त्यालाही नाही. मग माझ्या मनात आलं ते मी विचारलं, आत जो आवाज आहे तो काढून टाकू? डोळे वर गेले. मला ऐकायला राहू दे ना, तुमच्या मागे, असं मी म्हटलं. मिटले. मी दोन दिवस त्यांच्याशी भांडले, म्हणजे मीच बोलत होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या खाटेवर बसून, त्यांना पडदा दिसेल असा धरून, दोन्ही डिस्कमधून काढून टाकला. तुझा पेन ड्राईव्हही रिकामा केला. तुझ्या फोनमध्ये असतील ते तुझे. त्यांच्याबद्दल दादांनी काही सांगितलेलं नाही आणि मी विचारलं नाही.

मशीन आता बंद आहे. कपाटाशेजारी आहे तसंच आहे.

दादा चमचा-दोन चमचे पेज घेतात, तीही उतरली तर उतरते. अंगावर काही उरलेलं नाही, कूस बदलायला मी एकटी पुरते. डॉक्टरांनी दिवस सांगितले नाहीत. पण आवडीकाकू आता सकाळचं काम उरकून आपल्या ओट्यावर येऊन बसतात, काही न बोलता, तांदूळ निवडत. गावातल्या बायका अशा कधी येऊन बसायला लागतात हे तुला माहीत आहे.

काल संध्याकाळी मी त्यांना विचारलं, संतोषला पत्र लिहू का? त्यांनी डोळे वरही केले नाहीत आणि मिटलेही नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी पुन्हा विचारलं, तरी तसंच. त्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळलं नाही, आणि मी लावणार नाही. यापुढे त्यांच्या मनातलं म्हणून मी तुला काही सांगणार नाही. त्यांचे शब्द होते ते वर दिलेत, त्यांच्या अक्षरांत. विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस.

पण मला एकटीला हे बघवत नाही रे. सकाळी उठले की आधी त्यांची छाती हलतेय का ते बघते, आणि हलत असली तरी बरं वाटत नाही. फोन करू नकोस, फोनवर ऐकण्यासारखं आता काही नाही. गाडी पकड आणि ये. भांडायला ये, तोंड न दाखवता ओट्यावरून परत जायला ये, पण ये.

हे मात्र मीच लिहिलंय.

तुझी ताई,
छाया